कोपऱ्यातला कॉम्प्युटर कुणाचा?

(सल्ला केंद्रांतील कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत हा विषय वाचून काहीजणींनी कपाळाला हात लावला, हे काल चहाच्या वेळीच माझ्या कानावर आलं. पोटगी, रेशन, कामाच्या जागी होणारा छळ असे विषय समोर असताना कॉम्प्युटरच्या साफसफाईला पाऊण तास कशाला? एकीने तर सरळच विचारलं, "ताई, आमच्या केंद्रातलं हे काम एकीचा मुलगा येऊन करतो. आपण कशाला त्यात पडायचं?" मला जे बोलायचं आहे ते या प्रश्नापासूनच सुरू होतं.

मी इंजिनिअर नाही. मराठी घेऊन बी.ए. झाले आणि बावीस वर्षं सल्ला केंद्रात काम करते आहे. मी हे शिकले ते एका चुकीमुळे, आणि ती चूक आधी सांगते.

२०१८ सालची गोष्ट. केंद्रातला कॉम्प्युटर आठ वर्षांचा झाला होता. बटण दाबून आम्ही चहा टाकायचो आणि चहा पिऊन झाला की तो कामाला तयार व्हायचा. मधूनमधून आतून टकटक असा आवाज येई. "चालतोय ना, मग कशाला हात लावायचा" असं म्हणत आम्ही वर्ष काढलं. जुलैमध्ये एका सकाळी पडदा काळाच राहिला. हार्ड डिस्क गेली होती. आतला मजकूर परत मिळवायचा खर्च केंद्राच्या तीन महिन्यांच्या भाड्याएवढा होता, आणि तो करूनही खात्री नाही.

त्या डिस्कवर सात वर्षांच्या केसेसच्या नोंदी होत्या. त्यात एका बाईच्या अंगावरच्या वळांचे फोटोही होते. तिचा नवरा तिचा मोबाइल रोज तपासायचा, म्हणून आम्हीच तिला म्हटलं होतं, "फोटो आमच्याकडे ठेव आणि तुझ्या मोबाइलमधून काढून टाक." तिने विश्वासाने तसं केलं. पुढच्या महिन्यात तिची तारीख होती. दवाखान्याचा कागद आणि शेजारणीची साक्ष यांवर तिने केस उभी केली. आम्हाला ती एका शब्दानेही बोलली नाही. "कागद जळतात, तसंच समजायचं ताई," एवढंच म्हणाली. पण कागद अचानक जळतो. आमचा कॉम्प्युटर वर्षभर आम्हाला सांगत होता आणि आम्ही ऐकत नव्हतो.

का ऐकत नव्हतो? कारण ते काम 'आपलं' आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. पावसाळ्याआधी घर शाकारायचं, धान्याला ऊन दाखवायचं, हे आपल्याला सांगावं लागत नाही. पण यंत्र म्हटलं की आपण हात मागे घेतो. १९४६ साली जगापुढे आलेल्या 'एनिॲक' या सुरुवातीच्या संगणकावर गणितं चढवण्याचं काम सहा बायकांनी केलं होतं. त्यांची नावं लोकांपर्यंत यायला अनेक दशकं गेली. तेव्हा 'हे बायकांचं काम नव्हे' हे वाक्य तपासून घ्यायला हवं.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. कॉम्प्युटर रेंगाळतो तेव्हा आधी कारण शोधायचं. कारणं साधारण पाच असतात.

पहिलं, नको असलेले पाहुणे. आपण एखादा प्रोग्राम घालतो आणि मशीन सुरू झालं की तोही आपणहून सुरू होतो. असे पंधरा-वीस जमले की दारातच गर्दी होते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा, 'टास्क मॅनेजर' उघडेल. त्यात 'स्टार्टअप'ची यादी असते. ज्याची सुरुवातीला गरज नाही ते तिथे बंद करा. यात प्रोग्राम पुसला जात नाही, फक्त न बोलावता येत नाही. जो ओळखीचा नाही त्याचं नाव आधी वहीत लिहा, विचारा, मग हात लावा.

दुसरं, भरलेली डिस्क. यंत्रालाही काम करायला मोकळी जागा लागते. पाचवा हिस्सा तरी रिकामा ठेवा. 'डाउनलोड्स'चा फोल्डर उघडून बघा. एकच सरकारी अर्ज आम्हाला तिथे अकरा वेळा सापडला होता.

तिसरं, रॅम. हा कामाचा ओटा समजा. ओटा लहान असला की एक भांडं ठेवायला दुसरं उचलावं लागतं. चार जीबीच्या मशीनवर ब्राउझरच्या वीस खिडक्या उघडल्या तर ते अडखळणारच. आधी खिडक्या कमी करा. मशीनमध्ये जागा असेल तर रॅम वाढवताही येते.

चौथं, जुनी फिरती हार्ड डिस्क. तिच्या आत तबकडी खरोखर फिरत असते. तिच्या जागी एसएसडी बसवली की जुनं मशीनही पुष्कळ चपळ होतं. नवा कॉम्प्युटर घेण्याआधी हा खर्च विचारून बघा. आणि डिस्क टकटक करू लागली तर दुसरं काही करू नका, त्याच तासाला महत्त्वाचा मजकूर दुसरीकडे उतरवून घ्या.

पाचवं, धूळ आणि उष्णता. पंख्यात धूळ बसली की यंत्र तापतं, आणि तापलं की स्वतःला वाचवायला मुद्दाम हळू चालतं. बंद करून, प्लग काढून, मऊ ब्रशने वर्षातून दोनदा धूळ काढा. कपाटात कोंबून किंवा वर रुमाल घालून ठेवू नका.

ही पाचही कारणं नसतील तर आत काहीतरी शिरलं आहे असा संशय घ्यायचा. तिथे सुरक्षिततेचा प्रश्न येतो.

कॉम्प्युटर 'अपडेट' मागतो तेव्हा आपण 'नंतर' दाबतो. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने दीडशेच्या आसपास देशांतले लाखो कॉम्प्युटर कुलूपबंद केले. ब्रिटनमध्ये रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. दोन महिने 'नंतर' म्हणणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागली.

आपल्यापैकी अनेक केंद्रांत विंडोज १० आहे. तिची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. कॉम्प्युटर चालू राहतो, पण नवी भगदाडं आपोआप बुजत नाहीत. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याची सोय कंपनीने जाहीर केली. ती एक वर्षाची मुदत आहे, एवढं लक्षात ठेवा. बरीच जुनी मशीनं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. पण म्हणून ती भंगारात घालायची गरज नाही. लिनक्स मिंटसारखी फुकट मिळणारी प्रणाली त्यांवर चालते. पत्रं, हिशेब, ई-मेल एवढं काम असेल तर ती पुरते. आमच्या केंद्रातलं दुसरं मशीन तीच वापरतं.

'क्रॅक' केलेली विंडोज कुणी स्वस्तात घालून देत असेल तर नको म्हणा. कुलूप तोडणारा जो प्रोग्राम आत येतो तो आणखी कुणाला घेऊन येतो हे आपल्याला कळत नाही. अँटिव्हायरस एकच ठेवा. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर मुळातच असतो, तो चालू आहे ना ते बघा. दोन घातले तर ते एकमेकांशीच भांडतात. झेरॉक्सच्या दुकानात लावलेला पेनड्राइव्ह परत आल्यावर तपासल्याशिवाय उघडू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे प्रती. मजकुराच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. बाहेरची डिस्क काम झालं की काढून ठेवा, कारण खंडणीखोर प्रोग्राम जोडलेल्या डिस्कलाही कुलूप घालतो. आपल्या नोंदी गोपनीय आहेत, म्हणून त्या प्रतीला पासवर्ड हवा, आणि तो पासवर्ड दोघींना माहीत हवा. महिन्यातून एकदा प्रतीतली एखादी फाइल उघडून बघा. उघडत नसलेली प्रत म्हणजे रिकामा डबा.

जुन्या कार्यकर्त्यांसाठी एक खास सूचना. युनिकोड येण्याआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली आपली पत्रकं, अहवाल नव्या मशीनवर उघडले तर अगम्य अक्षरं दिसतात. जुनं मशीन चालू आहे तोवर त्यांची पीडीएफ करा आणि जमेल तसं युनिकोडमध्ये आणा. नाहीतर चळवळीचा इतिहास डिस्कवर असूनही वाचता येणार नाही.

आता घरातल्या कॉम्प्युटरबद्दल. एक बाई आमच्याकडे आली. आम्हाला लिहिलेलं प्रत्येक पत्र नवऱ्याला कळत होतं. तिला वाटलं, त्याने काही हेरगिरीचं यंत्र बसवलंय. तसं काही नव्हतं. घरचा ब्राउझर त्याच्या खात्याने उघडलेला होता. तिने काय शोधलं, कुठे गेली, ते सगळं त्याच्या मोबाइलवर दिसत होतं. घरात एक कॉम्प्युटर असला तरी प्रत्येकाचं खातं वेगळं असू शकतं, प्रत्येक खात्याला पासवर्ड असू शकतो. रोजच्या वापराचं खातं साधं ठेवावं आणि सगळे अधिकार असलेलं खातं वेगळं. पण ते अधिकार ज्याच्या हातात, तो बाकीच्यांची खाती उघडू शकतो. म्हणजे घरात चावी कुणाच्या कमरेला, हा आपला जुनाच प्रश्न इथेही आहे.

इथे एक धोक्याची सूचना देते, ती कृपया लिहून घ्या. मारहाण होणाऱ्या घरात बाईला "आजच पासवर्ड बदल, हेरगिरीचा प्रोग्राम काढून टाक" असा सल्ला देऊ नका. पाळत तुटली हे त्याला लगेच कळतं आणि धोका वाढतो. पुरावाही जातो. आधी तिच्या सुरक्षिततेची योजना करा. तोवर मदतीचा संपर्क तिने त्याच्या हाती न लागणाऱ्या यंत्रावरून करावा, आपल्या केंद्रातून किंवा विश्वासू मैत्रिणीच्या फोनवरून. मशीन स्वच्छ करण्याची वेळ तीच ठरवेल.

स्त्रीच्या इंटरनेट किंवा ई-मेलच्या वापरावर पाळत ठेवणं हा पाठलागाचाच गुन्हा आहे. २०१३ मध्ये तो दंडविधानात आला, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली आहे. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ सी खाली येतं. पोलीस ठाण्यात "घरातलाच कॉम्प्युटर आहे, त्यात काय" असं म्हणतील तेव्हा ही कलमं तोंडपाठ हवीत.

जुनं मशीन देऊन टाकताना फाइली 'डिलीट' करून भागत नाही. त्या पुष्कळदा परत काढता येतात. संपूर्ण डिस्क पुसा, नाहीतर डिस्क काढून घ्या आणि उरलेलं मशीन द्या.

आमच्या केंद्रात आता भिंतीवर एक वही टांगलेली आहे. दर सोमवारी अपडेट आणि प्रती, महिन्यातून एकदा जागा आणि स्टार्टअपची यादी, मे महिन्यात पावसाळ्याआधी आणि दिवाळीला धूळ. जिने केलं तिची सही. पाळी दोघींची असते, म्हणजे एक सोडून गेली तरी काम अडत नाही. सुरुवातीला सगळ्याजणी मलाच हाक मारायच्या. मी माउसला हात न लावता शेजारी बसायचे. खुर्चीत बसायची ती, वहीत लिहायची ती. वेळ दुप्पट लागला, पण आज केंद्रात हे काम चौघींना येतं.

ज्या बाईचे फोटो आम्ही घालवले ती पुढे एकदा केंद्रात आली होती. मी तिला वही दाखवली. ती बराच वेळ सह्या बघत होती. मग म्हणाली, "आता दुसरीचे जाणार नाहीत ना?" मी तिला 'नाही' असं ठामपणे सांगू शकले नाही. सोमवारी सही झाली आहे, एवढंच सांगितलं.

जेवणाआधी प्रत्येक केंद्राने दोन नावं फळ्यावर लिहावीत, एवढीच माझी विनंती आहे. मुलाचं नाव चालणार नाही.