चाळिशी ते एकसष्टी
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



या मंगल प्रसंगी मी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. मी मानसशास्त्राचा पंडित नव्हे. बी. ए. पर्यंतचे शिक्षण आणि केंद्र सरकारच्या नोकरीत ठिकठिकाणी पाहिलेली माणसे, एवढेच माझे भांडवल. तरीही विषय निवडला तो मध्यम वयाचा. कारण समोर बसलेल्यांपैकी बरेच जण त्या वयाचे आहेत, आणि पन्नाशी गाठलेले आपले मंडळही त्याच वयात आले आहे.

आपल्या भाषेने या वयाची नोंद मोठ्या मार्मिकपणे केली आहे. चाळिशी म्हणजे वय आणि चाळिशी म्हणजे चष्माही. जवळचे अक्षर पुसट होते, दूरचे मात्र स्वच्छ दिसते. परमुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मनाचेही असेच होते. गावचे घर, अंगणातली तुळस, शाळेतले मास्तर स्पष्ट दिसतात. पण शेजारच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलाच्या मनात काय चालले आहे, ते वाचता येत नाही.

धर्मशास्त्रकारांनी सांगितले की, केस पिकले, नातवंडाचे मुख पाहिले, म्हणजे गृहस्थाने वनाची वाट धरावी. आज पन्नाशीच्या गृहस्थाला वन कोठले? घराचे हप्ते फिटायचे असतात, मुलांची शिक्षणे व्हायची असतात, आणि नागपुराकडे किंवा कोकणात वृद्ध आईवडील एकटे असतात. रात्री फोन वाजला की छातीत धस्स होते. दोन पिढ्यांचा भार एकाच खांद्यावर येण्याचा हा काळ.

पाश्चात्त्यांनीही या वयाचा विचार केला आहे. एलियट जॅक्स यांनी १९६५ साली मध्यम वयातील अरिष्टाची कल्पना मांडली आणि ती फार लोकप्रिय झाली. पुढे अमेरिकेत १९९५ पासून झालेल्या मोठ्या पाहणीत मात्र असे अरिष्ट थोड्यांच्याच वाट्याला येते, असे दिसून आले. उलट, वयाबरोबर बहुतेकांचा रागलोभ निवतो आणि मोजक्या माणसांची किंमत अधिक कळते.

मला अधिक पटतो तो एरिक एरिक्सन यांचा विचार. त्यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मानवी आयुष्याचे आठ टप्पे कल्पिले. त्यांतील सातवा मध्यम वयाचा. या टप्प्यावर माणसापुढे दोनच वाटा असतात: पुढच्या पिढीसाठी काही उभे करणे, नाही तर स्वतःतच साचून राहणे. वाहते पाणी आणि डबके, एवढाच हा भेद. येथे स्वतःच्या मुलांचे संगोपनच तेवढे अभिप्रेत नाही; शिकविणे, संस्था चालविणे, कोणाला हात देणे, हे सारे त्यात येते. हेच एरिक्सन पुढे भारतात आले आणि १९१८ च्या अहमदाबादच्या गिरणी कामगारांच्या लढ्यातील गांधीजींवर त्यांनी १९६९ साली ग्रंथ लिहिला. त्या लढ्याच्या वेळी गांधीजी अठ्ठेचाळीस वर्षांचे, म्हणजे ऐन मध्यम वयाचे होते.

पण उदाहरणांसाठी दूर जावयास नको. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ चा. विधवांसाठी त्यांनी संस्था स्थापिली १८९६ साली, आणि महिला विद्यापीठ १९१६ साली. तेव्हा त्यांचे वय अठ्ठावन्न होते. १९९८ पूर्वी केंद्र सरकारचा नोकर याच वयात निवृत्त होत असे! आपण ज्या वयात निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडतो, त्या वयात अण्णासाहेबांनी विद्यापीठ मांडले. रमाबाई रानडे यांच्यावर १९०१ साली ऐन मध्यम वयात वैधव्य आले. त्या दुःखात बुडून राहिल्या नाहीत. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि कितीतरी स्त्रिया तेथे शिकून स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. दुःख नाहीसे झाले नाही. त्याला वाट मिळाली.

आपण कर्वे नव्हे, हे खरे. पण डबके होणे कोणालाच बंधनकारक नाही. आपल्या पुरुषवर्गाची एक गोष्ट माझ्या मनाला लागते. आम्हांला सहकारी पुष्कळ असतात, मित्र थोडे. बदली झाली की सहकारी बदलतात. निवृत्त झालो की तेही संपतात. स्त्रियांनी मात्र हळदीकुंकू, भिशी, थंडीतल्या उन्हात गच्चीवर बसून केलेले विणकाम, यांतून परक्या मुलखात माहेर निर्माण केले. आजारपणात डबा पोहोचतो तो त्यांच्या ओळखीतून, आमच्या हुद्द्यातून नव्हे.

आता मंडळाविषयी थोडे स्पष्ट बोलतो. १९७६ साली गाझियाबाद मेरठपासून वेगळा जिल्हा झाला, त्या सुमारास येथे आलेल्या मंडळींनी पदरमोड करून हा गणपती बसविला. ती माणसे तेव्हा तिशीतली होती. आज आपल्या सभांना पिकलेली डोकीच अधिक दिसतात, आणि तरुण येत नाहीत अशी आपली तक्रार असते. पण त्यांच्याकडे आपण सतरंज्या घालण्याचे काम देतो, निर्णय मात्र स्वतःकडे ठेवतो. मग त्यांनी यावे कशासाठी? अडखळत मराठी बोलणाऱ्या मुलाला आपण हसलो, तर तो पुन्हा बोलणार नाही.

माझ्या तीन सूचना आहेत. कार्यकारिणीतील निम्म्या जागा चाळिशीच्या आतल्यांना द्याव्यात आणि त्यांचे निर्णय मोडू नयेत. निवृत्तांनी आठवड्यातून एक तास मुलांना मराठी वाचावयास शिकवावे. थंडीत मुलांकडे राहावयास येणाऱ्या वृद्ध आईवडिलांची यादी ठेवून त्यांच्याकडे कोणीतरी नियमाने जावे. यांस पैसा लागत नाही, खुर्ची सोडावी लागते. आणि तेच अवघड आहे.

चाळिशी लागली म्हणजे चष्मा लावतात. जवळचे पुन्हा दिसू लागते. मंडळाच्या पन्नाशीने आपल्याला जवळची माणसे दाखवावीत, आणि हीरकमहोत्सवाचे व्याख्यान आज मागच्या रांगेत कुजबुजणाऱ्या मुलांपैकी कोणीतरी द्यावे, अशी श्रीगजाननाचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.