एकाकीपणावर एक उतारा : तोयोहिको कागावा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलाविले, तेव्हा त्यांची अशी समजूत असावी की कामगार संघटनेचा माणूस महागाईभत्त्यावर नाहीतर कंत्राटी कामावर बोलेल. त्या विषयांवर मी वर्षभर कारखान्याच्या दारात बोलतच असतो. आज मला बोलावयाचे आहे ते एकाकीपणाबद्दल, आणि ख्रिस्ती श्रद्धेच्या बळावर त्यातून बाहेर पडलेल्या एका माणसाबद्दल. मी ख्रिस्ती नाही. माझे शिक्षणही बेताचे. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर वाचले. पण हा गृहस्थ कामगारांचा पुढारी होता. त्याला बळ कोठून आले, हे पाहणे मी माझ्या कामाचाच भाग समजतो.

एकांत आणि एकाकीपणा यांत फरक आहे. एकांत माणूस मागून घेतो. एकाकीपणा त्याच्या वाट्यास येतो. गिरणगावातल्या गाळ्यांत एका खोलीत वीस-वीस गडी पाळीपाळीने झोपत. त्यांतही एखादा एकाकी असेच. भोवती माणसे असणे निराळे, आणि आपण कोणाचे तरी आहोत हे ठाऊक असणे निराळे.

तोयोहिको कागावा यांचा जन्म 1888 साली जपानमधील कोबे शहरात झाला. वडील संपन्न, आई त्यांची लग्नाची बायको नव्हे, ती गेशा होती. मूल चार वर्षांचे असतानाच दोघेही वारले. मग त्याला तोकुशिमाकडे, वडिलांच्या लग्नाच्या बायकोच्या घरी पाठविण्यात आले. दुसरीच्या पोराला त्या घरात काय माया मिळाली असेल, हे आपल्या गावांतील आयाबहिणींना मी सांगावयास नको. घर मोठे, जमीनजुमला मोठा, आणि त्यात हे पोर एकटे. पुढे थोरल्या भावाच्या उधळपट्टीने तेही घर 1903 साली बुडाले.

अशा वेळी त्याला लोगन आणि मायर्स हे दोन अमेरिकन मिशनरी भेटले. मुलगा इंग्रजी शिकण्यास म्हणून गेला, आणि 1904 साली त्याने बाप्तिस्मा घेतला. आता, येशूच्या शिकवणीत त्या पोराला असे काय सापडले? मला वाटते, दोन गोष्टी सापडल्या.

पहिली गोष्ट अशी की, येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकविली, तिच्यात देवाला राजा किंवा न्यायाधीश म्हणून नव्हे, तर बाप म्हणून हाक मारलेली आहे. ज्याला बाप आठवतही नाही, त्याला ही हाक मारण्याचा हक्क मिळणे केवढी गोष्ट! आणि ती प्रार्थना नीट पाहा. तिच्यात 'मी' आणि 'माझे' हे शब्दच नाहीत, सगळीकडे 'आम्ही' आहे. म्हणजे एकटा माणूस दार लावून ती म्हणू लागला, तरी पहिल्याच शब्दाला त्याच्याभोवती इतरांना यावे लागते. बाप मिळाला की भावंडे आपोआप मिळतात, आणि ती आपण निवडलेली नसतात.

दुसरी गोष्ट अशी की, ख्रिस्ती लोकांचा देव स्वतः एकाकीपण भोगलेला आहे. पकडले जाण्याच्या रात्री येशू बागेत व्याकूळ होऊन प्रार्थना करीत होता, आणि सोबतीला नेलेले मित्र झोपी गेले होते. पुढे ते पळाले. क्रुसावर तर देवानेही आपल्याला टाकले, असा आक्रोश त्याने केला. एकाकी माणसाला उपदेश नको असतो. हे भोगलेला कोणी आहे, एवढे कळले तरी त्याची मान वर होते.

धर्मशास्त्र शिकावयाचे ठरविल्यावर कागावांच्या चुलत्यांनी आधार काढून घेतला. क्षयाने तर जीव जाण्याची वेळ आली. थोडेच दिवस उरले असतील, तर ते कोठे घालवावे? 24 डिसेंबर 1909 रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, हा तरुण कोबेच्या शिंकावा वस्तीत राहावयास गेला. खून झालेली, म्हणून भुताची समजली जाणारी खोली त्याने घेतली. तेथे दारूडे, आजारी, बेघर, जो येईल त्याला त्याने जागा दिली. एका सोबत्याकडून त्याला खुपऱ्यांचा रोग जडला आणि दृष्टी कायमची अधू झाली. 1913 साली त्याने छापखान्यात काम करणाऱ्या हारूशी लग्न केले, आणि तिनेही संसार त्याच वस्तीत मांडला.

धर्म ही अफू आहे, असे आम्हां संघटनेच्या माणसांना शिकविण्यात आले. पुष्कळ ठिकाणी ते खरेही आहे. पण ही अफू घेऊन कागावा झोपले नाहीत. अमेरिकेत शिकून 1917 साली परतल्यावर त्यांनी कामगार संघटनेचे काम हाती घेतले. 1921 साली कोबेच्या कावासाकी आणि मित्सुबिशी गोद्यांत 30,000 हून अधिक कामगारांनी संप केला. कागावा त्याच्या पुढाऱ्यांपैकी एक होते. त्यांना तुरुंगात टाकले. संप मोडला.

संप मोडणे म्हणजे काय, हे आपल्याकडे 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणीसंपाने दाखविले आहे. पगार जातो, खोली जाते. पण त्याहून वाईट म्हणजे काल ज्याच्या खांद्याला खांदा लावला, तो आज रस्त्यात नजर चुकवितो. हरलेल्या माणसाइतके एकाकी कोणी नसते. कागावांनी त्याच 1921 साली कोबेत ग्राहकांची सहकारी संस्था उभारण्यात भाग घेतला, आणि पुढच्या वर्षी शेतकऱ्यांचा संघ काढला. ती सहकारी चळवळ कोबेत आजही चालू आहे. संघटना विजयाच्या आशेवर जमते. पराभवानंतर माणसांना धरून ठेवण्यास आणखी काही लागते. कागावांपाशी ते होते.

ते निर्दोष मात्र नव्हते. 1915 सालच्या त्यांच्या ग्रंथात तेथील अस्पृश्य गणलेल्या लोकांविषयी हीन मजकूर आहे. 1939 साली बारडोलीला गांधीजींची भेट झाली. चीनवरील युद्धाला उघड विरोध करावा, प्राण गेला तरी चालेल, असे गांधीजींनी सुचविले. 1940 साली लष्करी पोलिसांनी कागावांना पकडलेही. पण पुढे महायुद्धात ते आकाशवाणीवरून सरकारच्या बाजूने बोलले. मला यात एक बोध दिसतो. गरिबांबरोबर राहून येणारे हाल सोसणे एक वेळ सोपे. आपल्याच देशबांधवांत एकटे उभे राहणे फार कठीण. श्रद्धावंताचीही तेथे परीक्षा होते, आणि तो नेहमीच उत्तीर्ण होतो असे नाही.

1960 साली ते वारले. आपणांपैकी कोणी ख्रिस्ती असतील, त्यांना मी काय सांगणार? जे श्रद्धावंत नाहीत, त्यांना श्रद्धा उसनी देता येत नाही. पण कागावांनी धरलेली दिशा आपणांस पाहता येते. 'माझे कोण आहे?' हा प्रश्न अनाथ पोराचा होता, आणि श्रद्धेने त्याला उत्तर दिले. उत्तर मिळताच त्याने दुसरा प्रश्न विचारला, 'मी कोणाचा होऊ?' पहिल्या प्रश्नावर अडून राहिलेली माणसे आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. निवृत्त झालेले आहेत, कामावरून काढलेले आहेत, मुले परदेशी गेलेले म्हातारे आहेत. त्यांच्या दारी जाण्यास कोणताही धर्म आड येत नाही.