रिकाम्या घराची डागडुजी, जपून!

भाडेकरूने खोली सोडली की रंगकाम, नळ, वायरिंग अशी कामे निघतात. वस्ती चोऱ्यामाऱ्यांची असेल, तर अशा रिकाम्या घरातली तांब्याची वायर, पितळी नळ, पाण्याची मोटर यांवर भुरट्यांचा डोळा असतो. भंगारात त्यांना लगेच पैसे मिळतात. म्हणून त्या दिवशी लागेल तेवढाच माल आणा. ड्रिल, कटर संध्याकाळी परत न्या. नळ आणि मोटर अगदी शेवटी बसवा.

शक्यतो एकटे जाऊ नका. दिवसाउजेडी काम उरका, कधी परतणार ते घरी सांगून ठेवा. आत असताना दाराला कडी घाला. मजुरी चारचौघांत नोटा मोजून देण्यापेक्षा मोबाइलवरून द्या. शेजाऱ्यांशी, कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी ओळख ठेवा. अनोळखी माणूस पहिल्यांदा त्यांनाच दिसतो.

कुलूप तुटलेले दिसले, तर आत पाऊल टाकू नका. लांब उभे राहून 112 क्रमांकावर फोन करा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क आहे. मात्र पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल, तर तो हक्क सांगता येत नाही. आणि बचावासाठी गरजेपेक्षा जास्त इजाही करता येत नाही. म्हणून चोराशी भिडू नका, वायर पुन्हा विकत आणता येते.

काम संपल्यावर कुलूप नक्की बदला. दुरुस्तीच्या काळात किल्ली अनेकांच्या हातून फिरलेली असते.