ध्वनिमुद्रणावरून गायकाची पारख



देवबागेत येऊन इटालियन ऑपेराच्या ध्वनिमुद्रणावर बोलायचे, हे काहींना चमत्कारिक वाटले असेल. आम्हांला मात्र कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली ही चिंचोळी वाळूची पट्टी या विषयाला फार सोयीची वाटते. ऑपेरा म्हणजे इटालियन लोकांचे संगीत नाटक. आणि जत्रेच्या रात्री पालखी फिरून आल्यावर जो धयकालो उभा राहतो, तो पहाटे दहीहंडी फुटेपर्यंत जागून ऐकणाऱ्या माणसाला संगीत नाटक म्हणजे काय, हे मुंबई-पुण्याहून येऊन कोणी शिकवावे अशातला भाग नाही. आम्ही शिकवायला आलेलो नाही. एक तक्रार मांडायला आलो आहो.

तक्रार अशी की, अलीकडे गायकनटाची पारख प्रयोगाला बसून होत नाही, ध्वनिमुद्रणावरून होते. मोबाइलवर तीन मिनिटांचे पद येते, ते ऐकून लोक म्हणतात, अमक्याचा गळा उत्तम, तमक्याचा बसला. ध्वनिमुद्रण वाईट असे आमचे म्हणणे नाही. सुधीर कलिंगण २०२२ साली गेले. त्यांचा राजा ज्यांनी पाहिला नाही त्यांना आता मुद्रणावाचून दुसरा आधार कोणता? पण यंत्र काय राखते आणि काय टाकते, हे जाणल्यावाचून निकाल देणे म्हणजे मासळीचा वास घेऊन रापणीचा हिशेब करण्यासारखे आहे.

प्रथम यंत्राचीच गोष्ट घेऊ. जुन्या तबकड्यांच्या काळी गायक कर्ण्यासमोर उभा राहून गात असे आणि साथ मागे बसत असे. विजेचा ध्वनिग्राहक १९२५ च्या सुमारास आला. त्याआधीच्या तबकड्यांत तबला कोठे तरी दूरच्या खोलीत वाजत असल्यासारखा ऐकू येतो. तेवढ्यावरून तबलजी दुबळा होता असे ठरवणाऱ्याला काय म्हणावे? बालगंधर्वांच्या मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष यांच्यासारखे लोक बसत होते. तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे मिळत. नाट्यगृहात वन्समोअर घेत घेत जे पद पाव तास चाले, ते या तीन मिनिटांत कोंबावे लागे. तबकडी ठरल्यापेक्षा सुमारे सहा टक्के जलद फिरली, तर गाणे अर्ध्या सुराने चढते, लय वाढते आणि आवाज पातळ होतो. मग ऐकणारा म्हणतो, "गंधर्वांचा आवाज इतका बायकी होता होय!" दोष चाकाचा, आणि शिक्षा नारायणरावांना.

आजच्या मोबाइलची खोड वेगळी आहे. तो पुष्कळदा आवाजाची पातळी आपल्या मनाने सारखी करतो. हळू आवाज वर उचलतो, मोठा खाली दाबतो. नटाने मुद्दाम आवाज उतरवला, साऱ्या मांडावर शांतता पसरली, हे मुद्रणात उरतच नाही. त्यात ज्याच्या हातात यंत्र आहे तो पेटीच्या बाजूला बसला असेल तर सगळी रात्र पेटीच गाते. तेव्हा मुद्रण ऐकताना आवाज लहान की मोठा, याच्या नादी लागू नये. श्वास कोठे घेतला, शब्दाचे शेवटचे अक्षर पुरते पडले की गिळले, वरच्या सुरावर आवाज चिमटला की मोकळा राहिला, एवढे यंत्राला लपवता येत नाही. गळ्याची परीक्षा तेथे करावी.

पण नुसता गळा म्हणजे संगीत नाटक नव्हे, आणि आमचा खरा मुद्दा येथे सुरू होतो. ऑपेरात वाद्यवृंदासमोर हातात काडी घेऊन एक गृहस्थ उभा असतो. तो गात नाही, वाजवत नाही. पण कोणी केव्हा सुरू व्हायचे, किती थांबायचे, हे सारे त्याच्या हाती. आपल्याकडे असा माणूस नाही असे पुष्कळांना वाटते. आम्हांला तो दशावतारात दर रात्री दिसतो. पेटीवर बसलेले बुवा, त्यांच्याशेजारी पखवाज आणि झांज. समोर एक बाकडे आणि त्याच्या पुढे नट. संहिता लिहिलेली नाही. संभाषण नट जागच्या जागी रचतो. आता हा राजा बोलता बोलता कोणत्या वाक्यावर पद उचलणार, हे बुवांना कोणी सांगितलेले नसते. त्यांनी ते नटाच्या आवाजावरून ताडायचे आणि त्याने श्वास घेण्याआधी सूर देऊन ठेवायचा. सूर लवकर दिला तर वाक्य मरते, उशिरा दिला तर पद लंगडत उभे राहते. इटलीतल्या काडीवाल्यापुढे निदान छापील स्वरलिपी असते. आमच्या बुवांपुढे काही नसते.

तेव्हा साथीची पारख करायची असेल तर पदाच्या मध्ये कान देऊन फारसे हाती लागत नाही. पद सुरू होण्यापूर्वीचे दोन-चार क्षण आणि संपल्यानंतरचे दोन-चार क्षण ऐकावे. बोलणे जेथे गाण्याला मिळते, तो सांधा. "गळो बरो आसा, पण पेटयेक कान नाय" असे जाणता श्रोता म्हणतो, तेव्हा त्याला हा सांधा निखळलेला ऐकू आलेला असतो.

याला ताडून पाहण्यासाठी पुच्चीनीचा 'ला बोहेम' घ्या. आर्तुरो तोस्कानिनी यांनी १ फेब्रुवारी १८९६ रोजी तूरिन येथे या ऑपेराचा पहिला प्रयोग चालवला, आणि बरोबर पन्नास वर्षांनी, १९४६ साली, न्यूयॉर्कमध्ये त्याचे मुद्रण झाले तेव्हाही तेच उभे होते. दुसरे मुद्रण टॉमस बीचम यांचे, १९५६ चे. नुसते गळे मोजायचे झाले तर बीचमचा पक्ष भारी आहे. त्यांचा नायक यूसी ब्यर्लिंग. त्याच्या आवाजापुढे तोस्कानिनींचा यान पीर्स आम्हांला कोरडा वाटतो. व्हिक्टोरिया दे लोस आंखेलेस हिची मिमी तर ऐकतच राहावी. पहिल्या अंकात मेणबत्ती विझते, हरवलेली किल्ली अंधारात शोधताना नायकाचा हात मिमीच्या हाताला लागतो, आणि तो गाऊ लागतो. आरंभी जवळजवळ एकाच सुरावर, बोलल्यासारखा. बीचम तेथे नटाला हवा तेवढा अवकाश देतात. तोस्कानिनी थांबत नाहीत. त्यांची लय बोलण्याची आहे, आणि काही जणांना ती घाई वाटते. पहिल्या अंकापुरते आम्हीही बीचमच्या बाजूचे.

शेवटच्या अंकात मात्र आमचे मत फिरते. मिमी गेली आहे. खोलीतल्या मित्रांना ते कळले आहे, रोदोल्फोला अजून नाही. सगळे आपल्याकडे असे का पाहतात, हे तो विचारतो. आणि पुच्चीनीने येथे त्याला सूर दिलेला नाही, हे शब्द बोलायचे आहेत. त्यानंतर सारा वाद्यवृंद एकदम कोसळतो. हा सांधा तोस्कानिनींसारखा दुसऱ्या कोणी जुळवलेला आम्ही ऐकला नाही. रडण्याला ते जागाच ठेवत नाहीत. बोलणे संपते न संपते तोच आघात येतो, आणि कळण्याच्या आधी दुःख होते. या मुद्रणात मधूनमधून म्हाताऱ्या तोस्कानिनींचे स्वतःचे गुणगुणणेही ऐकू येते. शुद्धतावादी त्याला डाग म्हणतात. आम्हांला पद चालू असता ओठ हलवणारे पेटीवरचे बुवा आठवतात.

आता तक्रारीकडे परत येऊ. मोबाइलवर जे तुकडे फिरतात ते कोठून कापलेले असतात? पदाच्या पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत. म्हणजे सांधा नेमका कात्रीखाली जातो. याचा परिणाम उगवत्या नटावर होतो. आपली किंमत तुकड्यावर ठरते असे दिसले की तो तुकड्यासाठी गाऊ लागतो. वरच्या सुरावर रेंगाळतो, संभाषण उरकतो. बुवाही ठरलेल्या जागी ठरलेला सूर लावून मोकळे होतात. संहिता न लिहिता ज्या कलेने इतकी वर्षे काढली, तिला ही न लिहिलेली संहिता आता बाहेरून मिळू लागली आहे. पुढे कोणी म्हणेल की दशावतारी नटाला बोलता येत नव्हते, फक्त गाता येत होते. आणि पुरावा म्हणून हेच तुकडे दाखवील.

यावर उपाय फार मोठा नाही. पुढल्या जत्रांना ज्यांना मुद्रण करायचे असेल त्यांनी यंत्र पेटीपासून दूर, बाकड्यासमोर, प्रेक्षकांच्या दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत ठेवावे. आवाजाची पातळी आपोआप बदलण्याची सोय बंद करता येत असेल तर बंद करावी. गणपतीपासून दहीहंडीपर्यंत सबंध रात्र घ्यावी, संकासुराचा दंगाही गाळू नये. खाली नटांबरोबर पेटी, पखवाज आणि झांज वाजवणाऱ्यांची नावे लिहावी. ती बहुधा कोणी लिहीत नाही. इतके रात्रभराचे कोण ऐकणार, असे विचाराल, तर ज्याला निकाल द्यायचा आहे त्याने ऐकावे. बाकीच्यांनी खुशाल झोपावे.

आता दिवे थोडे कमी करण्यास सांगतो आणि ही दोन्ही मुद्रणे लावतो. आधी बीचम, मेणबत्ती विझते तेथून. मग तोस्कानिनी, शेवटचा अंक. भाषा कळत नाही म्हणून बिचकू नका. गायक गाऊ लागण्याच्या आधी काय होते, तिकडे लक्ष असू द्या.