पावसाळ्यातील रोहित्रांची निगा

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत विद्युत देखभाल विभागातर्फे केलेले भाषण)



रुग्णालयाच्या अहवालात शस्त्रक्रियांची संख्या असते, नव्या यंत्रांची नोंद असते. आवाराच्या मागील बाजूच्या रोहित्र-खोलीचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. ११ केव्ही उच्चदाबाची वीज ४३३ व्होल्टवर उतरविण्याचे काम या खोलीतील रोहित्रे, म्हणजेच ट्रान्सफॉर्मर, करतात. शस्त्रक्रियागृह वातानुकूलित असते, ही खोली तशी नसते. कोकणातील पावसाळ्याचे चार महिने तिच्यातील हवा बाहेरच्या हवेइतकीच दमट असते. या दमटपणाविषयी चार शब्द सांगण्याची परवानगी आम्ही घेत आहोत.

सर्वसाधारण समज असा की, रोहित्र चालू असताना झिजते आणि बंद असताना सुरक्षित राहते. ओलाव्याच्या बाबतीत नेमके उलट आहे. चालू रोहित्र स्वतःच्या उष्णतेने सभोवतालच्या हवेपेक्षा गरम राहते, त्यामुळे त्यावर दव धरत नाही. बंद रोहित्र थंड होते. हवेचे तापमान ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २६ अंश येतो. म्हणजे हवेपेक्षा केवळ चार अंशांनी थंड असलेल्या धातूवरही पाणी साचू लागते. सकाळी हवा लवकर तापते, परंतु जड लोखंडी गाभा बराच वेळ रात्रीच्याच तापमानाला राहतो. त्याच वेळी त्याला पाझर सुटतो. म्हणून 'राखीव' म्हणून बंद ठेवलेले रोहित्रच ओलाव्याला अधिक बळी पडते, आणि त्याची गरज नेमकी संकटाच्या वेळी लागते.

तेलाच्या रोहित्रात ओलावा श्वासावाटे शिरतो. तापलेले तेल प्रसरण पावते व हवा बाहेर टाकते. निवताना ते बाहेरची हवा आत ओढते. ही हवा ब्रीदरमधील सिलिका जेलमधून कोरडी होऊन जाते. निळे जेल गुलाबी झाले, अथवा नव्या प्रकारचे नारिंगी जेल हिरवे झाले, की त्याची शोषणशक्ती संपली असे समजावे. जेलखालील कपात तेलाची पातळीही राखावी लागते; कप कोरडा असेल तर जेल बाहेरच्या हवेला सतत उघडे पडते आणि लवकर निकामी होते. आत शिरलेल्या पाण्याचा फार मोठा भाग तेलात न राहता वेटोळ्यांवरील कागदात मुरतो. कागदातील ओलावा दुप्पट झाला की त्याचे आयुष्य सुमारे निम्मे होते. तेल गाळून कोरडे करता येते, जीर्ण झालेला कागद पूर्ववत होत नाही.

शुष्क प्रकारच्या रोहित्रात तेल नसते, त्यामुळे आगीचा धोका कमी. परंतु दव थेट वेटोळ्यांच्या पृष्ठभागावर बसते आणि धुळीशी मिळून विजेला वाट करून देते. यावर उपाय साधा आहे. पेटीच्या तळाशी छोटे हीटर बसवावेत आणि रोहित्र बंद होताच ते आपोआप सुरू व्हावेत. मात्र त्यांचा वीजपुरवठा स्वतंत्र हवा. त्याच रोहित्रावर अवलंबून असलेला हीटर गरजेच्या वेळी थंडच राहील. खोलीच्या खिडक्या पूर्ण बंद करणे हा उपाय नव्हे. त्याने दमटपणा थांबत नाही आणि उष्णता मात्र कोंडते. पावसाची झड अडवून हवा खेळती ठेवणारी झडपेच योग्य.

आमच्या कामाचा क्रम असा आहे. मे महिन्यात, कोरड्या दिवशी, तळाच्या झडपेतून तेलाचा नमुना घेऊन त्याची विद्युतरोधक क्षमता तपासावी; या दाबाच्या वापरातील रोहित्रासाठी ती ३० केव्हीहून कमी नसावी. पावसाळ्यात दर आठवड्यास ब्रीदर पाहावा. राखीव रोहित्र महिनोन्महिने थंड न ठेवता दोन्ही आळीपाळीने भारावर घ्यावीत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट डॉक्टर व परिचारिका वर्गाला नम्रपणे सांगावयाची आहे. रोहित्र दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर वीज परत आली की लगेच ते सुरू करावे, असा आग्रह होणे स्वाभाविक आहे. अतिदक्षता विभागात रुग्ण कृत्रिम श्वासावर असताना तो आग्रह आम्हालाही समजतो. परंतु जनरेटरची वीज रोहित्रातून येत नाही, थेट कमी दाबाच्या पॅनेलवर येते. म्हणजे जनरेटर आपल्याला वेळ मिळवून देतो. त्या वेळात वेटोळी कोरडी करून, मेगरने रोधन तपासून, मगच रोहित्रावर दाब द्यावयाचा. ओल्या वेटोळ्यांवर दाब दिला आणि त्यात बिघाड झाला, तर काही तासांचे डिझेल वाचते, पण दुरुस्ती होईपर्यंत संपूर्ण रुग्णालय एकट्या जनरेटरच्या भरवशावर राहते.

विश्वस्त मंडळास आमची विनंती एवढीच की, सिलिका जेल, तेलतपासणी, हीटर आणि त्या काही तासांचे डिझेल यांची तरतूद दरवर्षी पावसाळ्यापूर्वी अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे व्हावी. देणगीदारांच्या नावाची पाटी लागावी असे या खर्चात काही नाही. तरीही शस्त्रक्रियागृहातील प्रत्येक दिव्यामागे त्याचा वाटा आहे.