शंभर टक्के निकाल, पण कितीजणींपैकी?

(मंडळाच्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात एका निवृत्त नर्सिंग ट्यूटरनी केलेले भाषण)



हारतुरे झाले, आता कामाचे बोलते. यंदाच्या सेकंड पीयूसीच्या मुलांपैकी बऱ्याच जणांनी नर्सिंगला जायचे ठरवले आहे, असे सचिवांनी मला फोनवर सांगितले. ऐकून आनंद झाला. मी या धंद्यात शिरले तेव्हा आपल्या घरांतून भुवया उंचावत असत. घरंदाज मुलीने रात्रपाळी करायची, परक्याचे मलमूत्र काढायचे, हे आजीला पटले नव्हते. खरे तर मराठी माणसाला हा व्यवसाय नवा नव्हता. रमाबाई रानड्यांच्या पुणे सेवासदनाने विधवा आणि निराधार बायकांना ससून हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला पाठवले, त्याला शंभर वर्षे उलटून गेली. मिरजेला डॉ. वानलेस यांच्या मिशन हॉस्पिटलात तर त्याही आधीपासून नर्स तयार होत होत्या, आणि हुबळीहून मिरज म्हणजे एका गाडीचा प्रवास. असो. आता भुवया खाली आल्या आहेत, फी मात्र वर गेली आहे. म्हणूनच कॉलेज निवडताना डोळे उघडे ठेवायला हवेत.

हल्ली निकालाच्या आठवड्यात घरोघरी पत्रके येतात. वर मुलींचा पांढऱ्या कोटातला फोटो, खाली ठळक अक्षरांत '१०० टक्के निकाल'. पालक तेवढेच वाचतात. पालकांचा दोष नाही, कारण दुसरे काही त्यात छापलेलेच नसते.

माझ्या मावसबहिणीच्या नातीचे उदाहरण सांगते. कॉलेजचे नाव सांगणार नाही, आपल्या गावचे नाही एवढे सांगते. शंभर टक्के निकालाचे पत्रक बघून जावयांनी मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला, बँकेचे कर्ज काढले. मुलगी हुशार होती. शेवटच्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर कॉलेजने सांगितले की तुझी हजेरी कमी आहे, तुला यंदा बसता येणार नाही. तिच्याबरोबर आणखीही मुली होत्या. ज्या बसल्या त्या सगळ्या पास झाल्या, आणि पुढच्या वर्षीच्या पत्रकावर पुन्हा शंभर टक्के! जावई भांडायला गेले तर मूळ मार्क्स कार्डे कॉलेजच्या कपाटात. पुढच्या वर्षी ती पास झाली, चांगल्या मार्कांनी झाली. पण एक वर्ष गेले, एका वर्षाचे व्याज गेले आणि ठरत आलेली एक नोकरीही गेली.

हजेरीचा नियम खोटा नाही, हेही सांगितले पाहिजे. थिअरीला ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी हातात पडण्यापूर्वी प्रॅक्टिकलचे तास पूर्ण, म्हणजे शंभर टक्के, भरावे लागतात. मी स्वतः मुलींना रोखले आहे. पण पहिल्या सहामाहीत कमी पडणारी हजेरी मुलीला शेवटच्या वर्षी कळत असेल, तर तो नियम राहत नाही, चाळणी होते.

आता हिशेब बघा. हा मी मांडलेला हिशेब आहे, कोणत्या कॉलेजचा नाही. एका कॉलेजात ६० जणींनी प्रवेश घेतला. १२ जणी मध्येच सोडून गेल्या. उरलेल्या ४८ पैकी ३० जणींनाच परीक्षेला बसवले आणि ३० पास झाल्या. निकाल शंभर टक्के. दुसऱ्या कॉलेजात ६० पैकी ५५ बसल्या, ४७ पास झाल्या. निकाल ८५ टक्के. पत्रक बघणारा पहिल्याकडे धावेल. पण वेळेत नर्स होऊन बाहेर पडल्या किती? पहिल्याच्या ६० पैकी ३०, दुसऱ्याच्या ६० पैकी ४७. आपल्या घरची मुलगी या साठांतली एक असणार आहे, बसवलेल्या तिसांत ती असेलच याची हमी पत्रक देत नाही.

दुसरी गोष्ट परवान्याची. काही एजंट हल्ली सांगतात, 'आमच्या कॉलेजचा लायसन्स परीक्षेचा रिझल्ट इतका'. कोणते लायसन्स, हे त्यांना विचारा. आपल्याकडे नर्सला परवान्याची वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. बी.एस्सी. नर्सिंगची परीक्षा राजीव गांधी आरोग्य विद्यापीठ घेते, जीएनएम म्हणजे डिप्लोमाची परीक्षा राज्याचे परीक्षा मंडळ घेते. ती पास झाली की कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव नोंदवायचे, आरएन-आरएम नंबर मिळवायचा. हा कायदा १९६१ चा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता, नंतर सगळा कारभार बेंगळूरकडे गेला, हे इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. म्हणजे आपल्याकडे कॉलेजची परीक्षा हीच परवान्याची परीक्षा, आणि तिचा काही भाग, अंतर्गत मार्क आणि प्रॅक्टिकलमधला एक परीक्षक, कॉलेजच्याच हातात.

अमेरिकेत तसे नाही. तिथे डिग्री झाल्यावर एनक्लेक्स नावाची परीक्षा सगळ्या देशाला एकच, कॉम्प्युटरवर, कॉलेजचा हात त्यात नाही. राज्यांची बोर्डे कॉलेजवार निकाल जाहीर करतात, आणि मोजतात ते पहिल्याच प्रयत्नात पास झालेल्यांना. कॅलिफोर्नियात पहिल्या प्रयत्नाचा निकाल ७५ टक्क्यांखाली गेला तर कॉलेजला जाब द्यावा लागतो. २०२३ साली तिकडेच शिकलेल्या मुलींपैकी सुमारे ८८ टक्के पहिल्या खेपेला पास झाल्या. बाहेरच्या देशांत शिकून आलेल्यांचे प्रमाण त्याहून बरेच खाली होते. आपली मुलगी त्या दुसऱ्या रांगेत बसणार, हे परदेशाची स्वप्ने बघताना लक्षात ठेवावे. फिलिपीन्समध्येही सरकार शाळावार निकाल छापते, पहिल्यांदा बसलेल्या वेगळ्या आणि पुन्हा बसलेल्या वेगळ्या. म्हणून तिथे सगळे स्वच्छ आहे असे मात्र समजू नका. २००६ साली तिथल्या परवाना परीक्षेचे पेपर क्लासवाल्यांमार्फत फुटले, आणि अमेरिकेच्या व्हिसासाठी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने त्या वर्षीच्या पास झालेल्या मुलींनाही दोन पेपर पुन्हा द्यायला लावले. प्रामाणिक मुलींनाही. निकालाच्या आकड्यावर सगळा बाजार उभा राहिला की असे होते.

तेव्हा नुसता निकाल बघू नका, हॉस्पिटल बघा. नर्सिंग फळ्यावर शिकता येत नाही. कॉलेजला स्वतःचे निदान १०० खाटांचे हॉस्पिटल असावे आणि एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असावेत, असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा दंडक चालत आला आहे. खाटा असून भागत नाही, त्यांवर रुग्ण हवेत. दोन हजार सालानंतरच्या दशकात कर्नाटकात नर्सिंग कॉलेजे पावसाळी छत्र्यांसारखी उगवली, केरळहून मुली लोंढ्याने आल्या. त्यातल्या कित्येक कॉलेजांना इमारत होती, बस होती, हॉस्पिटल दुसऱ्या कुणाचे. मुलींना बसमधून नेऊन वॉर्डात उभे करायचे, सह्या करायच्या आणि परत आणायचे. हुबळीचे किम्स म्हणून आपण ओळखतो ते सरकारी हॉस्पिटल किंवा सत्तूरचे एसडीएम बघा, बेळगावचे केएलई बघा. मोठे हॉस्पिटल कशाला म्हणतात ते डोळ्यांनी कळेल. मग ज्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा आहे तिथे न सांगता, कामाच्या दिवशी सकाळी अकराला जा. ऑफिसात बसू नका. वॉर्डात जाऊन मोजा, किती खाटा भरल्या आहेत आणि प्रत्येक खाटेभोवती किती मुली नुसत्या उभ्या आहेत. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन विचारा, 'बाळ, तू स्वतःच्या हाताने किती बाळंतपणे केलीस?' ती लगेच आकडा सांगेल, नाहीतर ट्यूटरकडे बघेल. मला स्वतःला या एका प्रश्नावर निकालाच्या पत्रकापेक्षा जास्त भरवसा आहे.

मान्यतेचाही एक घोळ झाला होता. २०१७ साली कर्नाटकातल्या शेकडो कॉलेजांची नावे इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीतून गेली. राज्य सरकार म्हणाले, आमची मान्यता पुरे. कौन्सिल म्हणाले, नाही. कोर्टकचेरी झाली. दिल्ली आणि बेंगळूरच्या त्या भांडणात परराज्यांतल्या मुलींचे पालक हवालदिल झाले, कारण आपल्या राज्यात गेल्यावर नोंदणी होईल का हेच त्यांना कळेना. आपली मुले उद्या पुण्याला, मुंबईला, गोव्याला नोकरीला जाणारच. तेव्हा प्रवेशाआधी विचारा: या कॉलेजच्या मुलींची दुसऱ्या राज्यात नोंदणी झाली आहे का? झाली असेल तर अशा दोघींशी बोलवून द्या. संसदेने २०२३ साली १९४७ च्या जुन्या कायद्याऐवजी नवा राष्ट्रीय नर्सिंग आयोगाचा कायदा केला आहे. कायदे बदलले तरी मुलीच्या हातातला नोंदणीचा कागदच तिला पोसणार आहे.

नोकरीचे म्हणाल तर तिथे मात्र खरी परीक्षा असते. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरसाठी २०२० पासून नॉर्सेट नावाची देशभर एकच परीक्षा होते. तिथे अंतर्गत मार्क चालत नाहीत. कॉलेजला विचारायचेच असेल तर विचारा, 'तुमच्या किती मुली नॉर्सेट पास झाल्या? सरकारी नोकरीत किती आहेत?' आणि एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. पुण्याहून आलेल्या मुलीला किम्सच्या वॉर्डात कन्नड येत नाही, केरळच्या मुलीला सुरुवातीला येत नाही. आपल्या मुली घरी मराठी आणि गल्लीत कन्नड बोलत वाढल्या आहेत. बाईचे कुठे दुखते ते दोन्ही भाषांत त्यांना समजते. हे सर्टिफिकेटवर लिहिलेले नसले तरी मेट्रन ते बघते.

आता थोडे राजकारण, कारण हे आपले मुखपत्र त्यासाठीच आहे. निवडणूक आली की सगळ्या पक्षांचे उमेदवार आपल्याकडे येतात. शिवजयंतीला फेटा बांधतात. आपण काय मागतो? समाजभवनाला निधी, कमानीला निधी, आणि थ्री-बी मधून टू-ए मध्ये घाला. मागण्या रास्त आहेत, मी विरोध करत नाही. पण टू-ए मिळून स्वस्तात सीट मिळाली आणि ती बिनहॉस्पिटलच्या कॉलेजात मिळाली, तर मिळवले काय? या वेळी आणखी एक मागणी जोडा. विद्यापीठाने आणि परीक्षा मंडळाने दरवर्षी, केईएच्या ऑप्शन एंट्रीच्या आधी, प्रत्येक नर्सिंग कॉलेजचे चार आकडे कन्नड वृत्तपत्रांत जाहीर करावेत: प्रवेश किती, पहिल्यांदा परीक्षेला बसल्या किती, त्यांतल्या पास किती, कौन्सिलमध्ये नोंदल्या किती. याला पैसा लागत नाही. आकडे त्यांच्याच दप्तरात आहेत. कोणत्याही पक्षाच्या माणसाला यावर 'नाही' म्हणणे अवघड आहे. म्हणूनच कदाचित कुणी ते मागत नाही.

आमदारांची वाट बघत बसायचेही कारण नाही. २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहे. खासगी कॉलेज दाद देणार नाही, पण विद्यापीठ, परीक्षा मंडळ आणि कौन्सिल ही सार्वजनिक कार्यालये आहेत, त्यांना तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. फी दहा रुपये. कर्नाटकात एक अट आहे: एका अर्जात एकच विषय आणि शब्द १५० च्या आत. त्यामुळे आपल्या सवयीप्रमाणे शिवरायांपासून सुरुवात करून अर्ज लिहू नका, परत येईल.

मी तीन अर्ज कन्नडमध्ये लिहून आणले आहेत, तिन्ही कार्यालयांना एकेक. हुबळी, धारवाड आणि बेळगावच्या कॉलेजांचे गेल्या पाच वर्षांचे आकडे मागितले आहेत. २०२१ पासून बी.एस्सी.ला सेमिस्टर पद्धत आली, म्हणून जुने वर्षवार आणि नवे सेमिस्टरवार असे दोन्ही विचारले आहेत. अर्ज संस्थेच्या नावाने न करता माणसाच्या नावाने करायचा असतो, तेव्हा तिघांच्या सह्या हव्यात. पहिली मी केली आहे. उरलेल्या दोघांनी जेवणाची पंगत बसायच्या आधी मागच्या टेबलाशी मला भेटावे, आणि पोस्टात टाकायला येत्या सोमवारी ज्याला वेळ आहे त्यानेही.