सर्व्हरच्या मागणीपूर्वी मोजमाप
(अभ्यासवर्गातील भाषण)



दाखल्यांपासून सातबाऱ्याच्या उताऱ्यापर्यंत अनेक कामे आज संगणकावर होतात. पडदा थबकला की रांगेतला माणूस ताटकळतो. कित्येकदा त्याची दिवसाची मजुरी बुडते. अशा वेळी कार्यालयातून पहिली मागणी जाते ती अधिक शक्तिमान सर्व्हरची. ती करण्यापूर्वी खोळंबा नेमका कोठे होतो, हे मोजले जावे, असे मला सुचवावयाचे आहे.

डोनाल्ड नुथ यांनी १९७१ साली फोरट्रान भाषेतील आज्ञावलींची पाहणी प्रसिद्ध केली. आज्ञावलीचा चार टक्क्यांहूनही कमी भाग सामान्यतः निम्म्याहून अधिक वेळ घेतो, असे तीत आढळले. हा भाग कोणता, याविषयी खुद्द आज्ञावली लिहिणाऱ्याचाही अंदाज चुकतो. तो हुडकण्यासाठी लिनक्समध्ये २००९ पासून ‘पर्फ’ हे साधन आहे. शाळा तपासनीस अवचित वर्गात डोकावतो, तसे ते सेकंदाला, समजा, ९९ वेळा डोकावते आणि त्या क्षणी कोणते काम चालू आहे याची नोंद घेते. या नोंदींचा ‘फ्लेम ग्राफ’ काढण्याची रीत ब्रेंडन ग्रेग यांनी २०११ मध्ये शोधली. त्यात पट्टी जितकी रुंद, तितका त्या कामात गेलेला वेळ अधिक.

रोजच्या देखरेखीसाठी ‘प्रोमिथियस’ आहे. ते ठराविक अंतराने सर्व्हरकडून आकडे गोळा करते. ही साधने मुक्त परवान्याची आहेत. शुल्क पडत नाही व मूळ संहिता कोणालाही तपासता येते. अर्थात, ती चालविणारा जाणकार माणूस लागतोच, आणि त्याच्या प्रशिक्षणाची तरतूद आपण सहसा विसरतो.

सरासरीवर मात्र विसंबू नये. शंभर अर्जांपैकी ९५ एका सेकंदात उघडले आणि पाचांना चाळीस सेकंद लागले, तरी सरासरी तीन सेकंदांच्या आतच येते. अहवाल समाधानकारक दिसतो. ते पाच अर्जदार त्यात दिसत नाहीत.

ग्रामपंचायत किंवा शाळा स्वतः ही साधने चालविणार नाही, हे उघड आहे. परंतु ‘संगणक मंद आहे’ एवढेच न कळविता दिनांक, वेळ, अर्जाचा प्रकार आणि थांबावे लागलेली मिनिटे लिहून पाठविता येतील. प्रोमिथियस वापरात असेल, तर तंत्रज्ञाला तीच वेळ काढून पाहता येते. मूळ मांडणीत ते आकडे पंधरा दिवसच राखले जातात. तेव्हा तक्रार महिनाअखेरीच्या टपालापर्यंत ठेवू नये.